पाच गावांची फिरती वही

माझी नात पुण्यात शिकते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आली तेव्हा तिने मला मोबाइलवरच्या एका चर्चागटात घातलं. यंत्रं आल्यानं माणसांचं काय बरं झालं, काय बिघडलं, यावर तिथं कुठकुठली मराठी माणसं लिहीत असतात. मी एका बोटानं टाइप करतो, पाठवण्याआधी तीनदा वाचतो आणि पाठवल्यावर चौथ्यांदा वाचून घाबरतो. तिथं काहींची नावं खरी असतात, काहींची ‘रानपाखरू’, ‘चौथा माणूस’ अशी. नातीनं एकदा विचारलं, “आजोबा, नाव न सांगणाऱ्यांशी तुम्ही एवढं मनापासून कसं काय बोलता?” मी म्हणालो, माझी सुरुवातच तशी झाली. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतोय. तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितो आहे.

आमचं घर गावाच्या उगवतीला, बौद्ध वस्तीत होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांची नातवंडं आज माझ्या नातीच्या लग्नाची चौकशी करतात. बा सरकारी रस्त्याच्या गँगवर होता. खडी पसरायची, डांबर ओतायचं. त्याच्या वहाणांना बाराही महिने डांबराचा वास यायचा आणि घरातली एखादी घागर गळायला लागली की तो डब्यात थोडं डांबर आणून तिचं बूड लिंपायचा. त्यामुळं आमच्या घरचं पाणी पहिले दोन दिवस जरा रस्त्यासारखं लागायचं. माय रोजानं शेतात जायची. मोठा दुष्काळ आम्ही गावातच काढला. दोघंही पाझर तलावाच्या कामावर होते, मी शाळेत मिळणारी सुकडी खायचो आणि घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. नंतर हायब्रीड ज्वारी आली. तिचं पीठ थापताना माय रोज तेच बोलायची, “हिला वढच न्हाय, तव्यावर टाकूस्तवर फाटती.” कोरड्यासाला काही नसलं की हुलग्याचं माडगं व्हायचं. गरम माडग्यात ती फाटकी भाकरी कुस्करून खाल्ली की फाटलेली आहे हे कळायचंही नाही. मला अजून त्या चवीची आठवण येते. बायकोनं दोनदा करून पाहिलं, पण गॅसवर ते तसं होत नाही.

मी कॉलेजला गेलो तो आमच्या वस्तीतला पहिला, आणि खरं तर गावातलाही पहिलाच. उस्मानाबादला वसतिगृहात राहायचो. (आता धाराशिव लिहितात, मीही लिहितो; पण त्या दिवसांविषयी बोलताना तोंडात जुनंच नाव येतं.) वसतिगृहात जागा मिळावी म्हणून आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमननी, म्हणजे आबांनी, स्वतः एसटीनं येऊन रेक्टरला सांगितलं होतं. आबा मोठे शेतकरी, आवाज भारदस्त, पण माझ्याशी बोलताना ते तो थोडा खाली आणत. ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे.

आम्हाला फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना वर्गात कुणी प्रश्न विचारत नाही याचं फार वाईट वाटे. एक दिवस त्यांनी खेड्यांतून आलेल्या आम्हा पाच जणांना बोलावलं आणि जाड पुठ्ठ्याची एक लांब वही दिली. तेरखेडा, तामलवाडी, मुरुम, भूमकडचं एक खेडं आणि माझं गाव. दर शनिवारी एकानं वही घरी न्यायची, रविवारी गावात वाचून दाखवायची, लोक काय म्हणतात ते लिहायचं आणि सोमवारी परत आणायची. पाच आठवड्यांनी फेरी पुरी. सरांनी नियम घालून दिले होते. शाईनं लिहायचं, खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. सही कुणी करायची नाही, खाली फक्त गावाचं नाव. “आडनाव वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत,” सर म्हणाले. आणि गावातला एक माणूस बोलून झाला, दुसऱ्याचं मत सुरू झालं, की मधे एक आडवी रेघ मारायची. रेघ नसेल तर ते सगळं एकाच तोंडचं समजायचं.

त्या वहीनं मला किती आनंद दिला ते सांगता येत नाही. तेरखेड्याच्या एका म्हाताऱ्यांनी लिहून पाठवलं की गिरणीचं पीठ गरम असतं, म्हणून हल्ली माणसं तापट झाली. त्यावर मुरुमहून उत्तर आलं की पीठ थंड होईपर्यंत थांबायला काय झालं, गरम पिठाआधीच माणसं उतावळी असणार. तामलवाडीनं विचारलं की औषध फवारायचा पंप पाठीवर घेतो त्याच्या पाठीचा विचार कुणी केलाय का. मुरुमला एक माणूस होता, तो जांभळ्या शाईनं लिहायचा. कोणताही विषय असो, त्याचं उत्तर हजर. मुद्दे क्रमांक घालून, शेवटी ‘कळावे’. आम्ही पाचही गावं त्याला वैतागलो होतो आणि वही आली की सगळ्यात आधी जांभळी शाई शोधत होतो.

आमच्या गावात वाचन व्हायचं दूध सोसायटीच्या शेडमध्ये, रविवारी सकाळी, सगळ्यांचं दूध घालून झाल्यावर. रिकाम्या कॅनवर वही ठेवून मी उभ्यानं वाचायचो. पहिल्यांदा मी अगदी हळू वाचत होतो. त्या शेडमध्ये मी त्याआधी कधी एवढा वेळ उभा राहिलो नव्हतो. पण आबा खुर्चीवर बसून म्हणाले, “मोठ्यानं वाच, लेका. चोरी केली का तू?” आणि लोक हसले, मग मला वाचता आलं. बाकीच्या गावांत चार-पाच जण लिहिणारे होते. आमच्या गावात लिहिणारा मी एकटा. लोक बोलायचे, मी लिहायचो.

उन्हाळ्यातल्या एका फेरीला सरांनी विषय दिला होता, ‘नव्या यंत्रानं गावात काय बदललं?’ शेडमध्ये लगेच एकमत झालं: हापसा. दुष्काळात गाडी आली, मारुतीच्या पाराजवळ बोअर पाडला आणि त्यावर हापसा बसला, तेव्हापासून गावाला पाणी होतं. आबांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं. हापशामुळं बायांची वणवण थांबली, आडात उतरायचा धोका गेला, पोरांचा नारू गेला, सरकारनं केलेल्या कामांत हे एक काम खरं. सगळं बरोबर होतं. मी प्रत्येक वाक्य मनापासून लिहिलं.

फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. आमच्या वस्तीतल्या बायांनी हापशाच्या दांड्याला हात लावायचा नाही, असं होतं. कुणी ठरवलं ते माहीत नाही. ते आधीच ठरलेलं असल्यासारखं होतं. बायांनी घागरी ओळीनं मांडून बाजूला उभं राहायचं आणि गावातल्या कुणीतरी हापसून द्यायचं. बहुतेक वेळा हापसून द्यायच्या गोदाकाकी. त्यांचं घर हापशाला लागून, घरी एक म्हैस, दोन एकर कोरडवाहू, नवरा दम्यानं खाटेवर. त्या वेळ मिळाला की यायच्या, आणि त्यांना वेळ क्वचित मिळायचा. त्या हापशाचा आवाज गावभर ऐकू यायचा, कुईं-खट्ट, कुईं-खट्ट. घरात बसून आम्हाला कळायचं की आता गाव पाणी भरतंय. तो थांबला की माय घागर उचलून निघायची, कारण तेव्हा आमची पाळी यायची शक्यता असे. उन्हाळ्यात ती तास-दीड तास उभी राहायची आणि परत येऊन त्याविषयी एक शब्द बोलायची नाही.

त्याच उन्हाळ्यात हापसा बिघडला होता. दुरुस्तीला मेकॅनिक आला, त्यानं पाइप वर ओढले. मी बघत उभा होतो. आतल्या पितळी नळीतून त्यानं झिजलेली, काळी, वाटीसारखी एक चकती काढून फेकली आणि पिशवीतून नवी काढली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “वायसर. कातड्याची असती. पानी हिच्यातूनच वर येतंय.” कशाचं कातडं, विचारलं तर म्हणाला, “म्हशीचं आसंल, बैलाचं आसंल, मला काय म्हाईत? मेल्यावर समदी सारखीच.” आणि त्यानं ती बसवून टाकली. पारावर बसलेले सगळे बघत होते. कुणालाच काही वाटलं नाही.

त्या रविवारी वाचन झाल्यावर मी वही घरी आणली. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. माय भाकऱ्या थापत होती. मी लिहिलं की आमच्या गावात हापशाचं पाणी कातड्याच्या वायसरमधून येतं आणि त्याला बाट लागत नाही. पण वस्तीतल्या बाईचा हात लोखंडी दांड्याला लागला तर लागतो, हे कसं, ते आम्हाला समजत नाही. बाया उन्हात घागरी मांडून उभ्या राहतात. यंत्र नवं आलं, रांग जुनीच राहिली. ही आमच्या गावाची चूक आहे, असं वाटतं. एवढंच लिहिलं. मधे रेघ मारली नाही. विसरलो, की रेघ मारली असती तर हे दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं आहे हे कळलं असतं म्हणून मारली नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आज या वयात उगाच धाडसी दिसायचा मोह होतो, म्हणून स्पष्ट लिहितो: मी गावाच्या नावाआड लपलो होतो.

सोमवारी वही पुढं गेली. चार आठवडे मी जेवताना सुद्धा तिचाच विचार करायचो. बाकीच्यांना विचारायचं धैर्य नव्हतं. तामलवाडीचा महादेव माझ्या खोलीत राहायचा. तो एकदा म्हणाला, “तुमचं गाव भारीच निघालं की रे.” त्याचा अर्थ मला वही हातात आली तेव्हा कळला. शनिवारच्या एसटीत उघडून वाचली. चारही गावांनी ते आमच्या अख्ख्या गावाचं म्हणणं समजून वाचलं होतं. रेघच नव्हती ना! वर आबांचं बोलणं, खाली माझं, आणि शेवटी गावाचं नाव. तेरखेड्यानं लिहिलं होतं, आपली चूक आपणच मांडणारं गाव आम्ही पाहिलं नव्हतं. तामलवाडीनं लिहिलं, आमच्याकडंही असंच आहे पण कबूल करायची आमची छाती झाली नाही, तुमची झाली. आणि जांभळी शाई: ‘एक, आपल्या गावाचे अभिनंदन. दोन, वायसरचा मुद्दा बिनतोड आहे. तीन, चूक कबूल केली म्हणजे सुधारलीच असणार, ती कोणत्या दिवसापासून सुधारली ते पुढील फेरीत लिहावे, म्हणजे आम्हालाही तसे करता येईल. कळावे.’

रविवारी शेड भरलेली. मी ठरवलं होतं की हापशाची पानं वगळून इतर वाचायचं. गरम पिठावरचा वाद वाचला, फवारणीचं वाचलं. तेवढ्यात आबा म्हणाले, “आन् आपल्या हापशाचं काय म्हनतेत लोक?”

“चांगलं म्हणतेत, आबा.”

“वाच की मग. चांगलं काय आमाला वंगाळ लागतंय व्हय?”

लोक हसले. मी तेरखेड्याचं वाचलं. आपली चूक आपणच मांडणारं गाव. आबांनी मान डोलावली, मग मान थांबली. “कसली चूक? मागचं पान काढ.”

मी माझं पान वाचलं, मग चारही गावांची उत्तरं, जांभळ्या शाईसकट. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, पण आबांनी मोठ्यानं वाच म्हणून सांगितलं नाही. म्हणजे सगळ्यांना ऐकू जात होतं. वाचून संपलं तसे दूध मोजणारे किसनराव उठले. “हे गावानं कवा सांगितलं? ह्यानं आपल्या मनानं घातलंय. गावाची इज्जत पाच गावांत काढली. फाड ते पान.”

“पान फाडायचं नाही असा नियम आहे,” मी म्हणालो. हे शूरपणानं म्हणालो असं कुणी समजू नये. मला दुसरं काही सुचलं नाही.

“नियम गेला खड्ड्यात. आबा, तुमी ह्याला कॉलेजात घातला. बगा आता.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. ते नुसतं पाहत होते, ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं तसं. माझ्या मनात माय होती. आता गोदाकाकींना कुणी सांगितलं की वस्तीला हापसून द्यायचं नाही, तर ती पाणी कुठून आणणार? तलाव दोन मैलांवर, आणि तोही आटलेला. माझ्या अर्ध्या पानासाठी मी तिची घागर पणाला लावली होती, हे मला त्या क्षणी कळलं. वही मिटून मी पुढं केली. माफी मागणार होतो. शब्द जुळवत होतो.

“फाडू नगा,” मागून आवाज आला. गोदाकाकी किटली घेऊन दारात उभ्या होत्या. “मला उत्तर लिवायचंय त्याच्याखाली.”

“तुमी काय लिवणार, काकी?” किसनराव म्हणाले.

काकी माझ्याकडं वळल्या. “लिव रे सिदू. तीन वर्सं झाली, वस्तीचं समदं पानी म्या हापसती. किसनराव, तुमची मंडळी एक दिस आली का? ह्यो खांदा बगा.” त्यांनी डावा हात वर करून दाखवला, तो खांद्याच्या वर जातच नव्हता. “म्हशीची धार काढाया हात उचलंना. त्या बाया काय लुळ्या हायत का? धडधाकट हायत. हापसू द्या की त्यांचं त्यास्नी! बाट का फाट ते तुमी बसून ठरवा, माझा खांदा मला मोकळा पायजे.”

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी शेड हसली. किसनराव हसले नाहीत. “मग म्या त्या हापशाचं पानी पिनार न्हाय.”

“तुमची मर्जी,” आबा म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले. “पर एक सांगा, किसनराव. चार गावांत आपलं नाव झालं. आता आपन त्यास्नी कळवायचं का, की तसं काय न्हवतं, ती आमच्या पोराची लबाडी हुती?” ते थांबले. मग माझ्याकडं वळले. “त्यो जांभळ्या शाईवाला दिवस इचारतोय न्हवं? लिव, उद्यापासून.”

मी लिहिलं. त्यांनी वही हातात घेऊन बघितली, परत दिली आणि हळूच म्हणाले, “आदी मला येऊन सांगायचं हुतंस.”  मी आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी पुढं पुष्कळ वर्षं केला. मला वाटतं ते म्हणाले असते, हळूहळू होईल. आणि मी ‘बरं’ म्हणून परत आलो असतो. ते मला आवडायचे, हेही खरं आहे.

घरी माय चिडली. “कुनी सांगितलं हुतं तुला शानपना कराया? त्यांनी हापसून दिलं न्हाई तर? तू जाशील एष्टीत बसून, हितं कोन हाय?” बा वहाणा काढत होता. तो म्हणाला, “आबांचा शबुद हाय न्हवं? बगू उद्या.” 

मी सोमवारची सकाळची गाडी सोडली. उन्हं वर आली तशी वस्तीतल्या सात-आठ बाया घागरी घेऊन निघाल्या, माय पुढं. मी जरा अंतरावरून गेलो. पारावर नेहमीपेक्षा जास्त माणसं बसली होती. आबा नव्हते, तालुक्याला काम निघालं, असं कळलं. बायांनी सवयीनं घागरी ओळीनं मांडल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. गोदाकाकी आपल्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या नाहीत.  मग काकी तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, “हापस की गं, कौसल्या. मुहूर्त काढायचाय का?”

मायनं पदर खोचला. पुढं झाली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. पहिल्या दोन झटक्यांना पाणी आलंच नाही, नुसता कुईं आवाज. तिला वाटलं बिघडला. तिनं घाबरून काकींकडं बघितलं. “आनिक मार, आनिक मार! चार-पाच मारल्याबिगर येत न्हाय त्यो मेला,” काकी ओरडल्या. आणि मग पाणी आलं. पारावरचं एक माणूस उठून गेलं, बाकीचे बसून राहिले. बायांनी पाळीपाळीनं हापसलं, शेवटी शेवटी तर त्यांच्यात हसणं-खिदळणं सुरू झालं, कारण कुणाच्याच हाताला त्याची लय जमत नव्हती. किसनराव पुढं महिनाभर मळ्यातल्या विहिरीवरून बैलगाडीनं पाणी आणत राहिले. पेरण्या लागल्या, बैल मोकळे राहीनात, तसे तेही हापशावर आले. 

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघण्याआधी मी वही उघडून चुलीजवळ बसलो. आजवर वहीत मायचं काही लिहिलं नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते. म्हणालो, “माय, चार गावं वाचतील. हापशाविषयी तुला काय सांगायचंय?”

तिनं हात पुसले आणि दोन्ही तळवे बघितले. उजव्या हाताला अंगठ्याखाली फोड आला होता. मला वाटलं आता ती मोठं काहीतरी सांगेल. मी पेन टेकवून तयार होतो.

“लिव,” ती म्हणाली, “हापसा लई जड हाय. आमाला ठाव न्हवतं. तीन वर्सं गोदावैनींनी आमचं समदं वढलं.” थोडी थांबली. “आन् लिव, आजपासनं त्यांच्या घागरी बी आमी भरून ठिवतावं. त्यांचा खांदा बरा हुस्तवर.”